बाईंची सही

“निवड झालीच आहे, तर मुलाखत कोणाची घेणार आहात?”

उपासनीबाईंनी हे विचारलं तेव्हा त्यांची मान खाली होती. अंगणात ऊन आलं होतं. सुपात तुरीच्या शेंगा होत्या, आणि बाईंचे हात त्या सोलत होते.

समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर डॉ. श्रीधर म्हैसने अवघडून बसला होता. विद्यापीठाच्या भाषाविज्ञान विभागाचा प्रमुख. वय पंचावन्न. सकाळी गाडी काढून दोनशे किलोमीटर आला होता, आपल्या गुरूच्या दारी.

“निवड झाली असं नाही, बाई. कुलगुरूंच्या मनात बेहेरे आहेत, एवढंच.”

“मनातलं कागदावर कोण आणणार?”

“समिती.”

“समितीत तू आहेस?”

“आहे... विभागप्रमुख म्हणून.”

बाईंनी एक किडकी शेंग बाजूला टाकली.

समाजभाषाविज्ञानाच्या वरिष्ठ प्राध्यापकाची ही जागा नऊ वर्षं रिकामी होती. माणूस कोणापुढे कसा बोलतो, कोणापुढे बोलणं बदलतो, आणि नुसत्या बोलण्यावरून लोक त्याला कुठे बसवतात नि कुठून उठवतात, याचा अभ्यास करणारं हे शास्त्र. बाईंनीच ते या विद्यापीठात आणलं. त्या निवृत्त झाल्या आणि जागा तशीच राहिली. आता कुठे जाहिरात निघाली होती. समितीवर बाहेरचा एक विषयतज्ज्ञ लागतो. त्याची सही नसेल तर निवड ग्राह्य धरत नाहीत. एक तज्ज्ञ आजारी होते, एक नाही म्हणाले. उरल्या बाई.

“छाननीत किती टिकले?”

“दोन.”

“दुसरं कोण?”

श्रीधरनं घसा साफ केला.

“शेवंता.”

“शेवंता गेडाम?”

“हो.”

“मग?”

“तिचं काम चांगलं आहे, बाई. मी कुठे नाही म्हणतोय? पण पंचवीस वर्षं कुरखेड्याच्या कॉलेजात राहिली. बाहेर तिला ओळखतं कोण? बेहेरे अकरा वर्षं परदेशात शिकवून आलेत. विभागाचं नाव होईल. आणि... तिचं बोलणं तुम्हाला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“वरिष्ठ प्राध्यापकाला चार लोकांत बोलावं लागतं.”

“तिला बोलता येत नाही?”

“येतं. पण...”

“तूही तसाच बोलायचास.”

श्रीधर हसला. “मी सुधारलो, बाई.”

“हो,” बाई म्हणाल्या. “फार.”

मग त्यांनी सूप उचललं, दाणे पातेल्यात ओतले आणि म्हणाल्या, “तारीख कळव. येते मी.”

श्रीधरला वाटलं होतं, बाई तासभर तरी सुनावतील. इतक्या सहज हो म्हणाल्या, याचं त्याला बरं वाटायला हवं होतं.

पण गाडीत बसल्यावर जुनंच आठवत राहिलं.

एम.ए.च्या पहिल्या वर्षी तो अकोटजवळच्या खेड्यातून आला होता. वर्गात पहिल्यांदा उभा राहून म्हणाला, “मी हेच वाचून राहिलो होतो,” आणि अख्खा वर्ग खो खो हसला. तो खाली बसला. तेव्हा मागच्या बाकावरची एक काळीसावळी मुलगी उठून म्हणाली, “हसून काहून राहिले? त्याचं चूक काय आहे ते सांगा.” कोणालाच सांगता आलं नाही. ती शेवंता.

ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी होती, तरी दोघं एकमेकांना अरे-तुरे करत. उन्हाळ्यात शेवंता आठवडी बाजारात जाऊन बसायची. टोपली घेऊन बसलेल्या बाया आपसात गोंडी बोलतात, पलीकडच्या व्यापाऱ्याशी छत्तीसगढी, आणि समोर फॉरेस्टचा साहेब आला की मराठी. कोणत्या वाक्याला भाषा बदलते, बदलताना आवाज कसा खाली येतो, हे ती वहीत टिपून ठेवायची. तिची पहिली वही श्रीधरनं वाचायला म्हणून नेली होती. पुढे त्याच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या वहीवर उभं राहिलं. प्रस्तावनेत त्यानं तिचे आभार मानले होते. एका ओळीत. मार्गदर्शक बाई होत्या. त्यांनी ती ओळ वाचली होती, आणि काही बोलल्या नव्हत्या.

नंतर विभागात व्याख्यात्याची जागा निघाली. दोघांनी अर्ज केले. विभागप्रमुख म्हणून समितीत बाईच होत्या, आणि निवडीवर त्यांची सही होती. श्रीधर लागला. शेवंता कुरखेड्याला गेली. गुणवत्तेवर लागलो, असं श्रीधर आजवर सगळ्यांना सांगत आला होता. स्वतःलासुद्धा.

मुलाखतीच्या दिवशी बाई एसटीनं आल्या. विद्यापीठाची गाडी पाठवतो म्हटलं तर नको म्हणाल्या.

आधी बेहेरे आत आले. बोलणं स्वच्छ, मुद्देसूद, पडद्यावर रंगीत आलेख. माणूस खोटा नव्हता. विषय त्याला येत होता. लाखो वाक्यं संगणकात घालून त्यानं निष्कर्ष काढले होते. बाईंनी विचारलं, “या वाक्यांतलं एखादं तुम्ही कानांनी ऐकलंय?” बेहेरे प्रामाणिकपणे म्हणाले, “नाही, मॅडम. तशी गरज पडत नाही.” कुलगुरूंनी कौतुकानं मान हलवली.

मग शेवंता आली.

केस पांढरे झाले होते. खांद्याला कापडी पिशवी. त्यातून तिनं आठ वह्या काढून टेबलावर एकीवर एक ठेवल्या. श्रीधरकडे पाहून म्हणाली, “नमस्कार, सर.”

सर...

कुलगुरूंनी विचारलं, “हे सगळं तुम्ही एकट्यानं केलं?”

“हो साहेब. दर मंगळवारी बाजार. मी जाऊन बसली की त्या बाया आधी गप राहायच्या. दोन वर्षं तर कोनी माझ्यासमोर मोकळं बोललंच नाही. मग मीच टोपली घेऊन बसली. भाजी विकली. तेव्हा त्या बोलून राहिल्या.”

कुलगुरू मिश्कील हसले.

“गेडामबाई, वर्गातसुद्धा असंच... बोलून राहता का?”

अधिष्ठाता हसले. बाहेरून नेमलेले दोघे सदस्य हसले.

आणि श्रीधर हसला.

मुद्दाम नाही. चौघं हसले की पाचवा हसतो, तसा. पण हसला, आणि हसता हसता त्याला दिसलं की शेवंता इतर कोणाकडे पाहत नाही. ती त्याच्याकडे पाहते आहे.

“हो साहेब,” ती म्हणाली. “मुलं पन तशीच बोलून राहिली ना. त्यायचं त्यायला समजावून सांगायचं, तर कोनत्या भाषेत सांगू?”

मग कुलगुरूंनी घड्याळ पाहिलं.

“उपासनीबाई, तुम्हाला काही विचारायचंय?”

बाईंनी वह्या मोजल्यासारखं केलं.

“यावर दोनपासून आकडे आहेत. एक कुठे आहे?”

शेवंता गोंधळली. तिनं श्रीधरकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

“पहिली सरांकडं आहे, बाई.”

“कधीपासून?”

“एम.ए. झाल्यापासून.”

“परत मागितली नाहीस?”

“नाही.” ती जराशी हसली. “त्यांना लागत असंल अजून.”

श्रीधर समोरची फाइल वाचू लागला. फाइलमध्ये वाचण्यासारखं काही नव्हतं. कुलगुरूंना यातलं काही कळलं नाही. त्यांनी “ठीक आहे, या तुम्ही,” म्हटलं, आणि शेवंतानं वह्या पिशवीत भरल्या. एक खाली पडली. ती उचलायला श्रीधर अर्धा उठला, तोवर तिनं उचलली होती.

दार लागलं.

“काम प्रामाणिक आहे,” अधिष्ठाता म्हणाले. “पण पातळी...”

“बेहेरे,” कुलगुरू म्हणाले. “कोणाची हरकत?”



कागद फिरू लागला. अधिष्ठात्यांनी सही केली. सदस्यांनी केली. कागद श्रीधरपुढे आला.

त्यानं वर पाहिलं. त्याच्यानंतर बाई होत्या. आणि एकाएकी त्याला हायसं वाटलं. त्याच्या ध्यानात आलं, की दोनशे किलोमीटर गाडी हाकत आपण याच्यासाठीच गेलो होतो. बाई कोणाला भीत नाहीत. त्यांना पदोन्नती नको, निधी नको, कुलगुरूंची मर्जी नको. त्या सही करणार नाहीत. त्या अडल्या की निवड अडेल. मग कुलगुरूंना सांगता येईल, मी तर केली होती सही, बाईंपुढे माझं काय चालणार... आणि शेवंताच्या नजरेला पुन्हा नजर देता येईल.

त्यानं सही केली. झोकदार, नेहमीसारखी.

कागद बाईंपुढे सरकवला.

बाईंनी चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत सगळा कागद वाचला. कुलगुरू खुर्चीत चुळबुळले.

बाईंनी हात पुढे केला.

“तुझं पेन दे.”

त्यानं दिलं.

बाईंनी सही केली. नाव पूर्ण लिहिलं. टोपण लावून पेन त्याच्यापुढे ठेवलं.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं,” कुलगुरू म्हणाले. “आभारी आहोत, मॅडम. जेवून जा.”

“नको.”

बाहेर जिन्याच्या पायरीवर शेवंता बसली होती. बाईंना पाहून उठली, वाकून पाया पडली.

“झालं का, बाई?”

“झालं.”

“ते दुसरे?”

“हो.”

शेवंतानं मान हलवली. पुढल्या वर्षी तिची सेवा संपणार होती. यानंतर असा अर्ज ती करू शकणार नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं.

“चांगले आहेत ते,” ती म्हणाली. “मी वाचलंय त्यांचं. एका ठिकानी चुकलेत, पन चांगलं लिहितात.” मग पिशवीत हात घालून म्हणाली, “बाई, डबा आणला होता. तांदळाची भाकर आहे. तुम्ही दुरून आलात. दोन घास खाऊन घ्या.”

बाई पायरीवर बसल्या. शेवंतानं झाकणात भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. श्रीधर दोन पायऱ्या वर उभा होता.

“सर, तुम्ही पन या ना.”

“नको... माझं व्हायचंय अजून...”

काय व्हायचं होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

बाई खाली मान घालून जेवल्या. डबा धुऊन घेते म्हणून शेवंता नळाकडे गेली. तिथूनच तिला बस पकडायची होती. जाताना तिनं श्रीधरला पुन्हा नमस्कार केला. रागावून केला असता तर त्यानं तो परतवला असता. ती रागावली नव्हती. ती थकली होती.

ती फाटकापलीकडे दिसेनाशी झाली, तेव्हा श्रीधर खाली उतरला.

“बाई.”

“हं.”

“तुम्ही सही का केलीत?”

“तू केली होतीस.”

“माझी गोष्ट वेगळी आहे. मला इथे अजून पाच वर्षं काढायचीत. रोज त्यांचं तोंड पाहायचंय. तुम्हाला काय अडचण होती?” त्याचा आवाज चढला. पंचावन्न वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचा त्याला संताप येत होता. “तुम्ही नाही म्हटलं असतं, तर काय बिघडलं असतं तुमचं? एक शब्द बोलायचा होता. शेवंता तुमचीच विद्यार्थिनी आहे ना? आम्हां सगळ्यांत हुशार होती ती. तुम्हाला माहीत होतं...”

“तुला नव्हतं माहीत?”

श्रीधर थांबला.

समोरून विभागातले दोन शिक्षक गेले. त्यांनी “नमस्कार, सर” म्हटलं. त्यानं मान हलवली. ते लांब गेले.

“मला माहीत होतं,” शेवटी तो म्हणाला. “तरी केली. कारण...”

“कारण?”

“तुमची पाळी माझ्यानंतर होती. मला वाटलं... मला वाटलं, तुम्ही अडवाल.”

बाईंनी कठड्याला धरून स्वतःला उभं केलं. त्यानं हात दिला, तो घेतला नाही. पदर सारखा केला. मग त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे सरळ पाहिलं.

“शेवंतालाही तसंच वाटलं होतं,” बाई म्हणाल्या. “तुझ्या वेळी.”