मातीतले तिसरे पाऊल

एका राज्यात सुधन्वा नावाचा राजा होता आणि त्याला चारुशीला नावाची एकुलती एक कन्या होती. तिच्या बारशाला कूटकेतू नावाचा मांत्रिक जेवायला आला. गर्दी फार, कुणीतरी त्याला दुसऱ्या पंगतीला बसवले. एवढेसे निमित्त! बासुंदीला हातही न लावता तो ताडकन उठला. म्हणाला, "वीस वर्षांची झाली की हिला स्वतःचीच ओळख पटणार नाही. पाऊल उमटवताना तीनदा चुकली, की गादी माझी!"

त्या राज्याची रीतच तशी होती. वारसाने ओल्या मातीत पाऊल उमटवायचे, राजकुंभाराने ती वीट भाजून सिंहासनाच्या पायरीत बसवायची, आणि मगच राज्याभिषेक.

चारुशीलेला वीस वर्षे पूर्ण झाली. म्हाताऱ्या राजकुंभाराने माती पसरली आणि रीतीप्रमाणे विचारले, "पाऊल कोणाचे?"

"महाराजांच्या लाडक्या छकुलीचे," ती म्हणाली.

मातीत उमटले तीन वर्षांच्या पोरीचे पाऊल. दरबार खुदकन हसला.

दुसऱ्या दिवशी ती मान ताठ करून म्हणाली, "या राज्याच्या भावी महाराणीचे!" उमटले म्हातारीचे पाऊल, टाचेला भेगा आणि बोटे वाकडी. कूटकेतूने मिशीला पीळ दिला.

चारुशीला पुरती गोंधळली. ती कोण होती हे दाईला ठाऊक, कोण होणार हे ज्योतिष्याला ठाऊक. आज ती कोण, हे मात्र कुणी सांगेना. तिला रडू कोसळले.

तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत एक भारद्वाज पक्षी येऊन बसला. म्हणाला, "मांत्रिकाच्या गुहेत तीन पेट्या आहेत. तुझ्या पायाचा जोडा शोध. स्वतःचे जोडे दाराशी काढ."

ती गेली. पहिल्या पेटीत घुंगरांचे इवले जोडे, अंगठाही शिरेना. दुसरीत रत्नजडित मोजड्या. दोन पावलांतच ती तोंडघशी पडली. तिसरी पेटी रिकामी. बाहेर येऊन पाहते, तर उंबऱ्याने तिचे जोडे गिळून टाकलेले.

"पक्ष्या, मला फसवलेस?"

"शोध म्हणालो. सापडेल असे कुठे म्हणालो?" एवढे बोलून तो उडाला.

ती काट्याकुट्यांतून अनवाणी निघाली आणि सूर्य कलताना लंगडत दरबारात पोहोचली.

"पाऊल कोणाचे?" कुंभाराने विचारले.

"बाळ, माझी छकुली म्हण," राजा काकुळतीने म्हणाला. "महाराणी म्हणा," प्रधान कुजबुजला. कूटकेतू तर गादीजवळ सरकलासुद्धा.

चारुशीलेने म्हाताऱ्या कुंभाराकडे पाहिले. शेवटी ती म्हणाली, "आजोबा, मला खरेच ठाऊक नाही. टाचेत काटा रुतलाय, फार दुखतेय. जिला दुखतेय, तिचे."

तिने पाय टेकला. मातीत उमटले वीस वर्षांच्या मुलीचे पाऊल, आणि टाचेपाशी काट्याचा बारीकसा खळगा. त्या क्षणी कूटकेतू आपले सारे मंत्र विसरला.

कुंभार खळगा लिंपायला वाकला. चारुशीला म्हणाली, "राहू द्या. तो माझाच आहे."

राज्याभिषेकाच्या जेवणाला तिने कूटकेतूला पहिल्या पंगतीला बसवले. कुठला मंत्र विसरलो याचा विचार करत त्याने तीन वाट्या बासुंदी संपवली. महाराणी चारुशीला पुढेही पुष्कळदा गोंधळली. तेव्हा ती अनवाणी त्या विटेवर उभी राहायची आणि म्हणायची, "थांबा, अजून ठरले नाही." तिला तसे म्हणता आले, तसे तुम्हाआम्हालाही म्हणता यावे.