अविवाहिताची बायको

वनरक्षक देवाजी मेश्राम वारले, त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांच्या पत्नी पुष्पलताबाई फॅमिली पेन्शनचा अर्ज घेऊन कचेरीत गेल्या. लेखाधिकारी ठेंगडी यांनी मेश्रामांचं सेवापुस्तक उघडलं आणि शांतपणे सांगितलं, "मेश्राम अविवाहित होते. इथं तसं लिहिलंय."

बाईंनी एकतीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, तो माणूस सरकारदरबारी ब्रह्मचारीच राहिला होता.

"नोकरीला लागले तेव्हाची नोंद असेल, साहेब."

"असेल. पण सरकार कागद ओळखतं, कुंकू नाही."

बाईंनी पिशवीतून एक नोटीस काढून पुढे ठेवली.

"मग हा कागद ओळखा. मागच्या महिन्यात तुम्हीच पाठवलात."

ठेंगडींनी वाचलं. 'मयत देवाजी मेश्राम यांच्या पत्नी श्रीमती पुष्पलता यांनी सरकारी क्वार्टर आठ दिवसांत रिकामं करावं.' खाली त्यांचीच सही होती.

"मी त्यांची बायको नव्हते, तर मला कुठल्या नात्यानं घराबाहेर काढलंत?" बाईंनी विचारलं.

ठेंगडी स्वतःच्या सहीकडे बघत राहिले. अर्ज मंजुरीला पाठवताना त्यांनी मान वर केली नाही.