चिचघाटची स्क्रीन

"भंतेजी, चिचघाटला दुसऱ्या कुणाला पाठवता का?"

भंते खेमबोधी विहाराच्या ओसरीला लागून असलेल्या खोलीत चटईवर बसले होते. समोर चिचघाटच्याच गुरुजींचा लॅपटॉप होता. मोटारसायकलवरून पडून त्याचा खालचा भाग पार निकामी झालेला, स्क्रीनला मात्र ओरखडाही नव्हता. निदान तेवढी आमच्या वाचनघराच्या कामी येते का बघा, असा गावाचा निरोप होता.

"काहून रे?" भंतेंनी विचारलं.

विहारातला शिकाऊ भिक्षू, श्रामणेर अभयशील, अंगावर चीवर घेण्याआधी पुण्यात इंजिनिअर होता. डोक्यावरचे केस गेले, आतला इंजिनिअर काही गेला नव्हता.

"चार रविवार प्रवचन दिलं. दुःखाच्या कारणांची साखळी, बाराच्या बारा कड्या समजावल्या. समोर नुसते कोरे चेहरे. एक प्रश्न नाही... भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं."

त्याने एक गोष्ट मात्र सांगितली नाही. पाचव्या रविवारीही असंच झालं, तर चीवर उतरवून पुण्याला परतायचं हे त्याने मनाशी ठरवलं होतं. त्याला गावाचा राग नव्हता, आपल्यालाच हे जमणार नाही अशी भीती वाटत होती.

"हं..." भंते स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाले. "ही वेगळी काढून चालते का?"

"न चालायला काय झालं? स्क्रीनच्या मागे नंबर असतो. त्या नंबरचा बोर्ड जोडला की झाला टीव्ही."

बोर्ड त्याने आधीच मागवला होता. तो कामाला लागला. निघालेला एकेक स्क्रू भंते कागदावर ओळीने मांडत होते, आणि प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडत होते.

"उजेड कुठून येते?"

"कडेला बारीक दिवे असतात. चित्र वेगळं, उजेड वेगळा."

"असं होय!" वयाची सत्तरी उलटली तरी भंतेंना असल्या गोष्टींचं भारी अप्रूप.

तासाभराने अभयशीलने बटण दाबलं. बोर्डावरचा ठिपका हिरवा झाला. स्क्रीन काळीच.

त्याने बटण बंद करून पुन्हा दाबलं. काळीच.

"मेली," तो म्हणाला. "हिच्यातही काही नाही, भंतेजी."

"हिच्यातही?"

अभयशील ओशाळला.

भंतेंनी खिडकी लावून घेतली. कोनाड्यातला टॉर्च काढला, गाल जवळजवळ काचेला टेकवला आणि तिरपा उजेड पाडला.

"काही लिहिलेलं दिसून राहिलं... माझे डोळे पुरत नाहीत. तू वाच."

काय दिसणार आहे, असं मनात म्हणतच अभयशील वाकला. आधी काहीच दिसेना. मग काळ्यावर थोडी कमी काळी अशी अक्षरं हळूहळू जुळत गेली. नो सिग्नल.

तो ताठ बसला.

"दिवे गेलेत फक्त! स्क्रीन चांगली आहे. हे तर मीच आधी तपासायला हवं होतं..."

"ते राहू दे. काय म्हणते ती?"

"म्हणते... मला अजून काहीच मिळालेलं नाही."

"केव्हापासून म्हणून राहिली?"

अभयशीलची नजर बोर्डातून निघालेल्या वायरीवर गेली. तिचं दुसरं टोक विहाराच्या संगणकात असायला हवं होतं. ते चटईवर तसंच मोकळं पडलं होतं. घाईत ते जोडायचंच राहून गेलं होतं.

"सुरुवातीपासून," तो म्हणाला. त्याला कोरे चेहरे आठवले. पहिल्या रांगेतली एक म्हातारी दर वेळी ओठ हलवायची. काय म्हणत असेल ती?

त्याने वायरीचं मोकळं टोक उचललं.

"भंतेजी... मग रविवारी?"

भंतेंनी टॉर्च त्याच्या हातात दिला.

"सेल नवे टाकजो. जवळ जाऊन पाहा लागते, अन् चिचघाटात दीडशे घरं आहेत."