खोक्यावरचे शब्द

फार वर्षं झाली नाहीत, पण संगणकांच्या मानानं ते मागचं युगच. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात खंडेनवमीला नवा संगणक आला. दरवर्षी जुन्याला लागणारं हळदकुंकू यंदा नव्याला लागलं. जुना टेबलाखाली गेला.

"आजोबा, बिघडलात का?" नव्यानं विचारलं.

"छे रे! ठणठणीत आहे. पण कंपनीनं अपडेट पाठवणं बंद केलं, मग गिऱ्हाइकांच्या फायली माझ्यात उघडेनात."

"माझं नाही हो तसं व्हायचं. माझ्या खोक्यावर 'जन्मभराची साथ' असं छापलंय!"

 कोपऱ्यातलं रद्दीचं खोकं जुन्याचंच होतं. त्यावरही हेच शब्द होते. उन्हानं फिके पडले होते, पण अजून वाचता येत होते.