पैलवानाचा वर गेलेला हात

“…म्हणजे तसे दोन्ही चांगले आहेत, पण पाठवायचा एकच आहे. तर उस्ताद, कुठला पाठवू?”

अभिनंदन चौगुलेनं दोन मोठे फोटो टेबलावर मांडले आणि जरा मागं सरकून उभा राहिला. दुकानदार साडी उलगडून गिऱ्हाइकाचं तोंड बघत उभा राहतो, तसा.

कुरुंदवाडात बाबालाल शिकलगारांचा जुना स्टुडिओ होता. आता तिथं लग्नाचं काम कुणी देत नसे, पण फोटो शिकायला लांबलांबून लोक येत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. अभिनंदन त्यांचाच शिष्य. त्याचा हात चांगला होता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

पुण्यातल्या एका मोठ्या स्पर्धेची मुदत उद्या संपत होती.

उस्तादांनी चष्मा पुसला. पहिला फोटो बघितला. जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान, गुलाल, लोकांच्या खांद्यावर बसलेला विजयी पैलवान. तो त्यांनी बाजूला ठेवला.

दुसऱ्यावर मात्र ते थांबले.

“हा कोण?”

“लिंबाजी खोत म्हणून पैलवान आहे, नदीपलीकडचा. चितपट झाला. फोटोला नाव दिलंय ‘पराभव’.”

“हात वर का केलाय?”

“तीच तर जादू आहे, उस्ताद! सगळं मैदान जिंकलेल्याच्या मागं धावलं. हा एकटा तांबड्या मातीत उताणा, आणि हात आभाळाकडं. देवाला विचारतोय, माझ्याच वाट्याला हे का म्हणून. परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी येईल.”

“असं त्यानं सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला पाहिजे? दिसतंय की.”

उस्तादांनी फोटो टेबलावर ठेवला.

मग म्हणाले, “माळ्यावर एक सागवानी चौकट आहे. ह्याला बसते का बघू. काढ जरा.”

अभिनंदन स्टुलावर चढला. चौकट आत होती. त्यानं एक गुडघा कपाटावर टेकवला, एका हातानं माळ्याची कड धरली, आणि तेवढ्यात खालचं स्टूल सरकलं, गुडघाही निसटला.

“उस्ताद! स्टूल! अहो, स्टूल सरकवा!”

तो एका हातावर लोंबकळत होता आणि दुसरा हात हवेत हलवत होता.

उस्ताद सावकाश उठले. टेबलावरचा अभिनंदनचाच कॅमेरा त्यांनी उचलला. डोळ्याला लावला.

खट्.

मग पायानं स्टूल पुढं ढकललं.

अभिनंदन खाली उतरला तेव्हा त्याच्या केसांत जळमटं होती आणि शर्ट वर गेलेला होता. “आधी स्टूल द्यायचं सोडून फोटो काय काढता, उस्ताद!”

“थांब, बघू दे… वा! खिडकीतला उजेड बरोबर तोंडावर आलाय. मी म्हणतो, हाच पाठव.”

“पोट दिसतंय माझं!”

“पोटाकडं कोण बघतंय? हाताकडं बघ. कसा वर गेलाय. देवाला काहीतरी विचारतोयस.”

“देवाला कुठलं? तुम्हाला बोलावत होतो!”

“असं?” उस्ताद म्हणाले. “फोटोत तसं दिसत नाही.”

अभिनंदनला हसू फुटलं. हसता हसता त्याची नजर टेबलावर गेली, आणि हसू मध्येच राहिलं…

त्यानं लिंबाजीचा फोटो जवळ घेतला. बराच वेळ बघितला. मग तो काखेत मारून बाहेर पडला आणि त्यानं मोटारसायकलला किक मारली.

लिंबाजी खोत तालमीत होता. कुस्तीच्या हौद्यातली माती उकरून दमला होता आणि तिथंच मातीत बसून काकडी खात होता. अभिनंदननं फोटो पुढं केला. लिंबाजीनं तो लांब धरला, जवळ धरला.

“आयला, मीच की ह्यो! बायकूला दावतो. म्हणती, घोरताना तुमचं तोंड कसं हुतंय ते तुमास्नी काय ठावं. आज कळलं.”

“पैलवान, एक विचारायचं होतं. हा हात… आभाळाकडं होता का?”

“आभाळाकडं कशाला? तुझ्याकडं हुता!” लिंबाजी म्हणाला. “पाठीत उसण भरल्याली. म्हटलं, ह्यो गडी जवळ हाय, उठवंल. तर तू एक डोळा झाकून बसलास!”

आणि तो इतका हसला की हातातली काकडी मातीत पडली.

अभिनंदनचे कान तापले. “मग काय केलंत?”

“काय करतोय? उठलो माझा मी. गेलो भजी खायला.”

“हा फोटो स्पर्धेला पाठवणार होतो. आता नाही पाठवत.”

“आणि ते का? मी पडल्यालो समद्या जत्रंनं बघितलंय. तुझ्या फोटूनं आणि काय हुतंय? झकास हाय, पाठव. फकस्त हितं खाली काय लिवलंयस?… पराभव? तेवढं खोड. फुडल्या जत्रंत, मला ज्यानं पाडलं त्येच्याच संगं माझी कुस्तीची जोड लागलीया. माझं नाव लिव.”

अभिनंदननं तो शब्द तिथल्या तिथं खोडला आणि नाव लिहिलं. मग, उशीर झाला होता तरी, त्यानं वाकून हात पुढं केला.

लिंबाजीनं त्या हाताकडं बघितलं, मिशीत हसला, आणि हात धरून उठायला गेला.

दुसऱ्या क्षणी अभिनंदन मातीत होता.

“हात देताना पाय रोवून उभं ऱ्हावं, गड्या!” लिंबाजी म्हणाला आणि त्यानंच त्याला ओढून उभं केलं.

संध्याकाळी अभिनंदन स्टुडिओत परतला तो डोक्यापासून पायापर्यंत तांबडा होऊन. उस्तादांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याच्यापुढं चहाचा कप सरकवला.

“हाच पाठवतोय, उस्ताद. खाली फक्त ‘लिंबाजी खोत’.”

“बरं.”

उस्तादांनी स्वतःचाही कप उचलला.

“पण एक सांगा,” अभिनंदन म्हणाला. “तेव्हा मी हात द्यायला गेलो असतो, तर हा फोटो मिळाला नसता. फोटो घेतला, तर हात द्यायचा राहिला. पुन्हा असं झालं, तर मी काय करायचं?”

उस्तादांनी उरलेला चहा बशीत ओतला. फुंकर मारली. पिऊन टाकला.

“बाळ,” ते म्हणाले, “कॅमेऱ्याला गळ्यात घालायचा पट्टा असतो. खट् झालं की कॅमेरा सोडायचा, हात मोकळे.”