उपाशी नळी

एका गावात कौसाबाई नावाची एक पेरणीत तरबेज बाई होती. बैलांनी ओढायच्या तिफणीच्या चाड्यात, म्हणजे वरच्या वाटीत, मुठीने बी सोडावं ते तिनेच. उगवल्यावर ना कुठे दाटी, ना कुठे खाडा. पेरणी आटोपली की शेताची मालकीण तिची ओटी भरी. हा मान गावात दुसऱ्या कुणाला नव्हता.

यंदा भानुदासने ट्रॅक्टरला जोडायचं पेरणीयंत्र आणलं. वर बियांची पेटी, खाली नळ्या. तीन दिवसांचं काम दुपारपर्यंत उरकणार होतं.

"मावशी, आता तुम्ही घरी आराम करा," भानुदास म्हणाला.

"आराम कसला? येते की रानात! तुझ्या यंत्राचं, या नव्या नवरीचं तोंड तर बघू," कौसाबाई हसून म्हणाली. पण आपला मान गेला, हे तिच्या मनाला लागलं होतं.

भानुदासची बायको सुनंदा भाविक. तिने यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पेटीला झेंडूचा हार घातला. हार एवढा मोठा, की पेटीचं झाकण बसेना. तसंच यंत्र निघालं.

ज्वारीची पेरणी भराभर होऊ लागली. कौसाबाई मागून चालत होती. दर फेरीला माती उकरून बी किती खोल पडलंय ते बघायची तिची जुनी सवय. दुसऱ्या फेरीला तिने चौथी ओळ उकरली. बी नव्हतं. हातभर पुढे उकरली. तिथेही नव्हतं.

ती क्षणभर घुटमळली. गप्प बसलं तर आठ दिवसांनी या ओळी कोऱ्या दिसतील आणि गाव पुन्हा आपल्याच दारी येईल. पण तोवर जमिनीतली ओल उडून जाईल. ज्या रानाचे दाणे इतकी वर्षं ओटीत घेतले, त्या रानाला उपाशी ठेवायचं?

"थांबव रे भानुदासा! चौथी नळी उपाशी आहे!"

"मावशी, यंत्र कधी चुकत नाही," ट्रॅक्टरवर बसलेला भानुदास हसला.

"त्याला चुकलेलं कळत नाही, बाळा. म्हणून मी बोलते."

नळी उघडली. तिच्या तोंडाशी झेंडूच्या पाकळ्यांचा बोळा अडकला होता. सुनंदा ओशाळली. "मी तर भक्तीनं घातला हो हार."

"पूजा करावीच गं. पण बैलाला माळ घालताना आपण त्याचं नाक झाकतो का?" कौसाबाईने हार काढून ट्रॅक्टरच्या दिव्याला अडकवला. मग पदरात बी घेऊन तिने त्या मोकळ्या ओळी स्वतः मुठीने पेरल्या.

दुपारी सुनंदाने तिची ओटी भरली. त्यातले चार दाणे कौसाबाईने यंत्रापुढे ठेवले. "तीस वर्षांत पहिल्यांदा पेरणीच्या दिवशी माझी पाठ दुखली नाही. देव याचं भलं करो."

आठ दिवसांनी शेत हिरवं झालं. यंत्राच्या ओळी कोणत्या आणि कौसाबाईच्या कोणत्या, हे कुणालाच ओळखता आलं नाही.

तात्पर्य: नव्या साधनाचे उपकार नुसता हार घालून फिटत नाहीत, त्याची निगा राखावी आणि जाणत्या माणसाची नजर सोबत ठेवावी.