सांडणारा समुद्र

ही कथा गवंडी भिंतीची म्हणून सांगतात आणि फोटोवाले समुद्राची म्हणून. येथे दुसरे रूप घेतले आहे.

फार पूर्वी एका कॅमेऱ्याला आपण काढलेला फोटो गावच्या सभागृहात लागावा, असा ध्यास होता. किनाऱ्यावर तिपाईवरची, सपाटी दाखवणारी पाणसळ त्याला म्हणाली, "कॅमेरेराव, डावीकडे कलला आहात."

"बाई, पोटातला बुडबुडा स्थिर नाही, आणि मला तोल शिकवता? मी वाळूला धरून उभा आहे."

"वाळू उतरती आहे हो. क्षितिज बघा."

कॅमेऱ्याने तसाच फोटो काढला.

तो सभागृहात लागला. "अगं बाई, समुद्र उजवीकडे सांडतोय!" झाडणाऱ्या भागीरथीबाई म्हणाल्या. त्यांनी समुद्र सरळ होईपर्यंत चौकट डावीकडे कलवली आणि खिळा ठोकला.